बारा व्होल्टचं खातं

बँकेत असताना इतर शाखांच्या चुका काढणं हे माझं काम होतं आणि त्याचा पगार मिळत असे. निवृत्तीनंतर तेच काम मी घरी विनामूल्य करतो, तर त्याला किरकिर म्हणतात. आमच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर मीच घालतो, कधी आणि किती घातलं त्याची वही ठेवतो आणि दर तिमाहीला त्या वहीवर तपासनीस म्हणून सहीही मीच करतो. त्यामुळे बॅटरी या विषयातला मी जाणकार आहे असं मानणारा घरात निदान एक माणूस आहे. दुसरा अजून मिळालेला नाही.

सॉल्ट लेक सिटीचे आमचे साडू फोनवर म्हणाले, "यंदा आईंना घेऊनच या. आपण ट्रेलर जोडून यलोस्टोनला जाऊ." ऐकून हिच्या डोळ्यांपुढे गरम पाण्याची कारंजी उडाली. मी विचारलं, "बॅटऱ्या कुठल्या आहेत?"

"आहेत दोन, सहा-सहा व्होल्टच्या. दादा, तुम्ही काळजी करू नका. इथे सगळं सिस्टिमने चालतं."

हे वाक्य ते अमेरिकेबद्दल, ट्रेलरबद्दल आणि स्वतःच्या पचनाबद्दल सारख्याच अभिमानाने म्हणतात.

कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेली, चार चाकांची खोली. ट्रकच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, संडास, सगळं असतं. फक्त एका वेळी एकाच माणसाने वळायचं असतं. शेगडी, फ्रिज आणि हवा गरम करणारी भट्टी गॅसवर चालते. पण भट्टीचा पंखा, फ्रिजचा मेंदू, पाण्याचा पंप आणि दिवे यांना बॅटरीच लागते. त्या दोन बॅटऱ्या पुढच्या दांड्यावर एका काळ्या पेटीत बसवलेल्या होत्या. एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट आणि ठेव 220 अँपिअर-तासांची. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे किमान शिल्लक 110. एवढी कडक अट आमच्या बँकेनेही खातेदाराला कधी घातली नव्हती. मी मनातल्या मनात खातं उघडलं.

वाटेत आयडाहो राज्य लागलं. त्यात बटाटे होते.

मॅडिसन नावाच्या तळावर आम्ही उतरलो. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून जिथे मॅडिसन नदी होते, तिथला हा तळ, साधारण 6,800 फुटांवर. तिथे ट्रेलरला बाहेरून ना विजेची जोडणी मिळते ना पाण्याची. जे बरोबर आणलं त्यावर भागवायचं. जनरेटर चालेल, पण सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळात. साडूंनी जनरेटर आणला नव्हता. "आपल्याला लागणारच नाही," ते म्हणाले. कारण सिस्टिम.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आंघोळ केली आणि आपली दोन सुती पातळं धुतली. त्या दुसऱ्याच्या यंत्रात लुगडी घालत नाहीत आणि पारोशी नेसत नाहीत. त्यांचीही एक सिस्टिम आहे. ट्रेलरच्या टाकीत दीडशे लिटर पाणी होतं. काटा बघून साडूंनी डोळे मिटले, पण सासूबाई त्यांच्याही सासूबाईच असल्यामुळे तोंडही मिटलेलंच ठेवलं. नऊच्या सुमारास पातळं बाहेर वाळत पडली आणि आम्ही ट्रक घेऊन फिरायला निघालो.

यलोस्टोन पाहिलं. ओल्ड फेथफुल नावाचं कारंजं साधारण दर दीड तासाने उडतं आणि त्याला बॅटरी लागत नाही. गव्यापासून 25 यार्ड लांब राहावं असा नियम आहे. तो गव्याला कोणी सांगितलेला नाही. बाकी निसर्ग उत्तम आहे. 1872 पासून जपलाय, त्यामुळे त्यात मला काही चूक काढता आली नाही.

संध्याकाळी परत आलो तर भिंतीवरच्या फलकावर बॅटरीच्या चार दिव्यांपैकी एकच लागला. मी म्हटलं, "ठेव घटलीय."

"दादा, ते सेन्सर कधीकधी चुकीचं दाखवतात."

"सकाळी चार दिवे होते, तेव्हा सेन्सर बरोबर होता का?"

मेहुणीने दोघांच्या पानात भात वाढला.

रात्री दोन वाजता कोणीतरी टिक-टिक करू लागलं. गॅस गळला तर ओरडायला एक यंत्र जमिनीलगत बसवलेलं असतं. त्याला बटण नसतं, ते कायम बॅटरीवर असतं आणि वीज अपुरी पडली की तेही ओरडतं. आता त्याला गॅसची तक्रार आहे की विजेची, हे ठरवण्यासाठी सगळे उठले. गॅस नव्हता. उजेडही नव्हता. भट्टीतून मात्र मंद गार वारा येत होता.

हा प्रकार मला पुढे समजला आणि मनापासून आवडला. भट्टीच्या आत एक पातळ पातं असतं. पंखा पुरेशा वेगाने फिरला की वाऱ्याने ते हलतं, ते हललं की मगच गॅस पेटतो. बॅटरी उतरली की पंखा रेंगाळतो, पातं ढिम्म, गॅस बंद, आणि पंखा मात्र उरलीसुरली वीज खात आपल्यालाच गार वारा घालत बसतो. वसुलीच्या नोटिशीचा टपालखर्चही कर्जदाराच्याच नावे टाकायचा, तसलं हे कलम.

जुलै महिना होता. तरी त्या उंचीवर पहाटे पाणी गोठायच्या बेताला येतं. मी म्हटलं, ट्रकचं इंजिन सुरू करून बॅटऱ्या भरू. साडू म्हणाले, रात्री इथे आवाज करायचा नसतो. मी म्हटलं, मग कुडकुडण्याचा तरी चालतो का? ते म्हणाले, सकाळी आठला बघू. मी म्हटलं, हीच तुमची सिस्टिम! ते म्हणाले, तुम्ही आल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत... इथे ही म्हणाली, "दोघंही झोपा."

कोणी झोपलं नाही. सगळे एका पलंगावर, सगळी पांघरुणं एकत्र करून बसलो. अंधारात काहीतरी बोलायचं म्हणून मी दिवसा वाचलेली माहिती सांगितली. मला असं काही सुचतं तेही अशाच वेळी. याच मॅडिसन नदीच्या खालच्या अंगाला, पार्कच्या हद्दीबाहेर, 17 ऑगस्ट 1959 च्या रात्री भूकंप झाला. डोंगराचा कडा कोसळला, नदी अडली. एकूण 28 माणसं गेली; बहुतेक अशीच सुट्टीवर आलेली, तळावर झोपलेली. अडलेल्या पाण्याचा तलाव अजून आहे, त्याचं नावच क्वेक लेक.

"शाब्बास भाऊजी," मेहुणी म्हणाली. "आता नक्की झोप लागेल."

मग सासूबाई बोलल्या. "आमचा डिसेंबरातला. अकरा तारीख. असाच काळोख होता."

सासरे कोयना धरणावर नोकरीला होते हे मला माहीत होतं. 1967 च्या भूकंपात ते सगळे तिथे होते, हेही ऐकून होतो. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन मी कधी काही विचारलं नव्हतं. "पहाटे घराबाहेर आलो ते परत आत जायची छाती होईना," त्या म्हणाल्या. "दिवे नाहीत. ही सव्वा महिन्याची. पदरात गुंडाळून उघड्यावर बसले. शेजारच्या बाईनं स्वतःची गोधडी काढून आमच्या अंगावर टाकली. ती कुठल्या घरातली, तेसुद्धा उजाडल्यावर कळलं."

थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर काहीतरी ऊबदार पडलं. त्यांची शाल होती. मी नको नको म्हणालो.

"घ्या, जावईबापू. तुम्हाला थंडी सोसत नाही. ठाऊक आहे मला."

हिने अंधारात आईचा हात धरलेला होता, हे मला उजाडल्यावर दिसलं.

आठ वाजून एक मिनिटाने साडूंनी शेजारच्याचा जनरेटर आणला. शेजारी म्हणजे आयडाहोचा एक निवृत्त शेतकरी, उंच, मोजकंच बोलणारा. तासभर जनरेटर चालवून बंद केला, आणि त्याने खिशातून एक चिमटा काढला. हा चिमटा तारेभोवती नुसता अडकवायचा. तारेतून किती अँपिअर चाललेत ते आकड्यात दिसतं. असलं साधन मला बँकेत मिळायला हवं होतं. आतलं सगळं बंद असताना त्याने तो बॅटरीच्या ऋण तारेला लावला. आकडा आला 12.

"काय चालू आहे?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," साडू म्हणाले.

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. नोंद नाही आणि पैसे चाललेत! मी वही काढली. संशयितांची यादी केली: भट्टीचा पंखा, सात-आठ अँपिअर, पण बंद. गॅसवरच्या फ्रिजचा मेंदू, फार तर अर्धा. ते टिक-टिक यंत्र, अर्ध्याहूनही कितीतरी कमी. भाच्याचा फोन, ज्यावर साडूंचा पहिल्यापासून राग होता. मग फ्यूजची पेटी उघडून एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिव्यांचा काढला, 12. पंपाचा काढला, 12. भट्टी, फ्रिज, रेडिओ. आकडा बारावरून हलेना. शेवटी पेटीत एकही फ्यूज राहिला नाही आणि बाहेर चिमटा बाराच दाखवत होता.

"सिस्टिम," मी म्हणालो. एवढंच. साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेतकरी म्हणाला, "मग ते फ्यूजच्या अलीकडेच कुठेतरी आहे." तो बाहेर आला, खिशातून होकायंत्र काढलं आणि चाकाशी धरलं. सुई उत्तर सोडून चाकाकडे वळली. चारही चाकांशी तसंच. त्याने मान हलवली आणि तो पुढच्या दांड्याकडे गेला, जिथे सासूबाईंची पातळं अजून ओलीच होती. त्याने टोपी काढली, विचारणारी नजर सासूबाईंकडे टाकली आणि फार अदबीने एक पातळ बाजूला सारलं.

असल्या ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक असतात. ड्रममध्ये लोहचुंबक, प्रत्येकाला सुमारे तीन अँपिअर. धावता ट्रेलर चुकून ट्रकपासून सुटला तर तो थांबावा, म्हणून दांड्यावर एक छोटा स्विच असतो. त्यात एक पिन, पिनेला पोलादी दोरी, दोरीचं दुसरं टोक ट्रकला. ट्रेलर सुटला की दोरी ताणली जाते, पिन निघते, बॅटरीतून थेट चारही चाकांना वीज जाते आणि ब्रेक लागतात. हा स्विच फ्यूजच्या पेटीला विचारत नाही. तळावर ट्रक सोडला की ती पोलादी दोरी मोकळी लोंबते, तिच्या टोकाला छानसा फासा असतो. सासूबाईंनी झाडाला बांधलेल्या वाळवणाच्या दोरीचं दुसरं टोक त्या फाशात ओवून, करकचून ओढून दांड्याला बांधलं होतं. पिन पातळाखाली लटकत होती.

चार चाकं, तीनप्रमाणे बारा. सकाळी नऊ ते रात्री दोन, सतरा तास. 204 झाले, उरलेले भट्टी आणि फ्रिजने खाल्ले. खातं पैशापैशाला जुळलं. ट्रेलर सुटला तर ब्रेक पंधरा मिनिटं धरून राहावेत अशी तिकडे अपेक्षा असते. आमचे ब्रेक सतरा तास, उभ्या ट्रेलरला, नेटाने लागलेले होते.

सगळे सासूबाईंकडे बघू लागलो.

"दोरी ढिली राहिली होती का?" त्यांनी विचारलं.

"छे, आई," साडू म्हणाले. "अगदी ताठ होती."

"मग झालं तर."

यानंतर साडूंनी ट्रेलर बनवणाऱ्यांनी तो स्विच कसा भलत्या जागी बसवलाय, यावर दहा मिनिटं भाषण केलं आणि मी प्रत्येक मुद्द्याला दुजोरा दिला. आमचं एकमत झाल्याची घटना नात्यात पहिलीच. माझ्या वहीत कारणाच्या रकान्यात 'यांत्रिक' असं लिहून मी सही केली. जिथे नाव घालायचं नसतं अशी खाती प्रत्येक शाखेत असतात. शेतकऱ्याने पिन जागेवर बसवली, चिमट्यावरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला, आणि तो आमचा चहा दोनदा पिऊन गेला.

तेव्हा ट्रेलर घेऊन कुठे निघालात आणि बॅटऱ्या एकाएकी बसल्या, तर फ्यूज काढत बसण्याआधी दांड्यावरची ती पिन बघा. आणि बरोबर सासूबाई असतील तर हेही लक्षात ठेवा, की मॅडिसनच्या तळापासून वेस्ट यलोस्टोन हे गाव 14 मैलांवर आहे आणि तिथे कपडे धुवायची व वाळवायची यंत्रं नाणी टाकून मिळतात. सासूबाई ती वापरणार नाहीत. पण आपण सुचवलं होतं, एवढी नोंद तरी राहते.