तीन फुटांना पाऊण इंच

सकाळी सहाच्या सुमारास बजाजनगरात कंपन्यांच्या बस फिरायला लागतात, आणि त्याच वेळी आमच्या शेजारचे काका गेटची कडी काढून बाहेर येऊन उभे राहतात. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली, पण पहिली पाळी काही सुटलेली नाही. बस आली की ते मनगटावरच्या घड्याळात बघतात, "चार मिनिटं लेट" असं पुटपुटतात आणि आत जातात. त्या बसने त्यांना कुठेही जायचं नसतं.

वाळूजमध्ये असे काका गल्लोगल्ली आहेत. 1985 साली बजाजचा कारखाना इथे 16 महिन्यांत उभा राहिला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या, आणि बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडची आयटीआय झालेली पोरं पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरली. ती पोरं आता साठीला टेकली. त्यांच्यात फिटर आहेत, मेंटेनन्सवाले आहेत, स्टोअरवाले आहेत. ही सगळी माणसं निवृत्तीनंतर दूध आणणे, नातवाला बागेत नेणे अशा कामांत मुरून जातात. मुरत नाहीत ते क्वालिटीवाले.

प्रॉडक्शनवाल्यांनी वस्तू करायची आणि क्वालिटीवाल्यांनी ती नाकारायची, असा तिथला शिरस्ता. आमच्या काकांनी एका छोट्या कंपनीत 31 वर्षं इमानाने नाकारलं. मायक्रोमीटर लावायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मालाला लाल टॅग बांधायचा. निवृत्तीच्या दिवशी 11 शाली, तितकेच नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ दीड मिनिट मागे पडतं म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला टॅग लागला. टॅगांचा एक गठ्ठा ते येताना घरी घेऊन आले होते. चोरी नव्हे ती. शिक्षक घरी आले तरी खिशात खडू सापडतो ना, तसंच.

सुरुवातीला त्यांनी स्वयंपाकघरात शिरून पाहिलं. पोळ्यांच्या व्यासात फरक आहे अशी नोंद केली. काकूंनी शांतपणे लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि "हं, करा मग," म्हणाल्या. त्या दिवसापासून काकांचं कार्यक्षेत्र घराबाहेर सरकलं.

घराबाहेर त्यांना घूस भेटली.

आमच्या बाजूला माती काळी आहे. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की भेगेत हात जावा, आणि पावसात तीच फुगून वर येते. जोत्याला लागून टाकलेली भर दरवर्षी थोडी थोडी दबते, भिंत आणि जमीन यांच्यात फट पडते, आणि त्या फटीत घूस संसार थाटते. काकांच्या घराला मागे आणि दोन्ही बाजूंना मिळून तीन फुटी पट्टी मोकळी. तिच्यात गाजरगवत, फुटका पाटा, मुलाची लहानपणची सायकल आणि काकूंचं अळू. काकू म्हणाल्या, "मुरूम टाका, धुमस करा, वरून कोबा करून घ्या. अळू आणि कढीपत्त्यापुरती जागा ठेवा म्हणजे झालं." दुसऱ्या कोणत्याही घरी हे दोन दिवसांचं काम होतं. काकांनी वही काढली.

मिस्त्री जालन्याकडचे. त्यांनी घराला एक फेरी मारली, पट्टी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "पंधरा गोन्या."

काकांनी वही पुढे केली. लांबी 90 फूट, रुंदी 3 फूट, जाडी 4 इंच. माल 90 घनफूट, म्हणजे ब्रासला 10 कमी. सिमेंट 20 गोण्या.

मिस्त्रींनी वहीकडे आदराने पाहिलं. "पंधरात बी व्हतं की. फक्त पातळ व्हतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मग वाळू. आमच्या गावाच्या नावात वाळू आहे तेवढीच. गोदावरीची वाळू आता भावात सोन्याशी बोलते, त्यामुळे सगळे क्रश सँडवर आले आहेत. काकांनी ट्रॅक्टरवाल्याला थांबवून ठेवलं, लोणच्याची रिकामी बरणी आणली, तीत वाळू आणि मिठाचं पाणी घालून खसाखसा हलवली आणि पायरीवर ठेवून तिच्यासमोर बसले. जड कण खाली बसतात आणि भुकटीचा थर वर राहतो. तो थर जाड निघाला तर वाळू धुळकट. तीन तास ते बरणीकडे बघत होते. ट्रॅक्टरवाला झोपून उठला, चहा पिऊन आला. शेवटी थर भरला जास्त, आणि ढिगाऱ्यात खोचलेल्या काठीला लाल टॅग लागला. त्या दिवशी आख्ख्या गल्लीला कळलं की काका पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

माझा या प्रकरणात प्रवेश झाला तो लेव्हलच्या नळीमुळे. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. दोन टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं, या एवढ्या भांडवलावर जगातले सगळे गवंडी चालतात. पण दुसरं टोक धरायला माणूस लागतो. "सर, जरा हे धरा," असं म्हणून काकांनी माझी रविवारची दाढी अर्धवट सोडायला लावली. मी टोक धरून भिंतीशी उभा, आणि काका लांबून ओरडतायत: "वर! थोडं वर! आता श्वास रोखा!" श्वासाचा आणि पाण्याच्या पातळीचा काय संबंध हे मी विचारलं नाही. 31 वर्षं हाताखालच्या लोकांनीही विचारलं नसणार.

त्या मोजणीत एक दुःखद सत्य बाहेर आलं. घर बांधलं तेव्हा अंगण रस्त्यापेक्षा फूटभर उंच होतं. त्यानंतर रस्ता दोनतीनदा नव्याने झाला. जुना खरवडून काढायचा असतो हे रस्ता करणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं. प्रत्येक वेळी जुन्यावर नवा थर. आता रस्ता अंगणाच्या तीन इंच वर होता. म्हणजे पुढे उतार काढला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी रस्त्यावरचंच पाहुणं म्हणून आत येणार. काका बराच वेळ गेटपाशी उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी नुसत्या उतारावर शहरात पाणी आणलं, सर. आणि आपल्याला अंगणातलं पाणी रस्त्यावर घालवता येईना."

पहिला तोडगा त्यांनी काढला तो पाणी पूर्वेला वळवण्याचा. पूर्वेला माझं घर आहे. अख्ख्या प्रकल्पात मी एकदाच तोंड उघडलं, ते इथे. शेवटी ठरलं की सगळा ढाळ मागच्या कोपऱ्याकडे घ्यायचा, तिथे शोषखड्डा करायचा आणि खड्ड्याचं पाणी बोअरला उपयोगी पडू द्यायचं. ही कल्पना खरोखर चांगली होती. आमच्या गल्लीत सगळ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबे करून टाकलेत आणि मग उन्हाळ्यात बोअर आटला म्हणून नशिबाला बोल लावतो आम्ही. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार किती? काकांनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या: 3 फुटांना पाऊण इंच.

"पाऊन इंच म्हंजी नजरंनं दिसत बी न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"पाण्याला दिसतं," काका म्हणाले.

मे महिना. दुपारच्या उन्हात ताज्या मालावरचं पाणी उडून बारीक जाळं पडतं, म्हणून काकांनी काम सकाळी सहाला सुरू करायचं फर्मान काढलं. मिस्त्री नऊला आले. काकांनी हजेरीवहीत वेळ लिहिली आणि त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पूर्वी अप्रेंटिस घामाघूम होत असत म्हणे. मिस्त्रींनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे साडेसहाला हजर होते. काका पहाटे त्यांच्या वस्तीवर जाऊन उभे राहिले होते.

कोब्याचा खरा तंटा असतो पाण्यावरून. मिस्त्रीला माल पातळ हवा असतो, कारण पातळ माल आपोआप पसरतो आणि कंबर वाचते. मालकालाही तो गुळगुळीत दिसतो म्हणून बरा वाटतो. पण जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे पोकळ्या ठेवून जातं, आणि दोन वर्षांत कोबा पिठासारखा झडायला लागतो. काकांचा हिशेब होता 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्यातूनही वजा. पाईपचं टोक त्यांनी बगलेत धरून ठेवलं होतं. मिस्त्री "मालक, उलिसं सोडा" म्हणायचे आणि काका मापाच्या डब्याने, औषध पाजावं तसं पाणी घालायचे.

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांनी पत्र्याचा एक शंकू करून आणला होता: उंची 12 इंच, खाली 8 इंच, वर 4. त्यात माल थराथराने भरायचा, दर थराला सळईने 25 वेळा टोचायचं, शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खचतो ते मोजायचं. मोठमोठ्या पुलांच्या कामावर हे करतात. तीन फुटी पट्टीवर करणारे काका पहिलेच असावेत. शंकू उचलला, खाली पिंडीसारखा ओला ढीग उभा राहिला, आणि घमेलं घेऊन आलेल्या बाईने ते खाली ठेवून डोक्यावर पदर घेतला. नारळ कधी फोडायचा, असं तिने हळूच काकूंना विचारलं. घरात नारळ पुष्कळ होते, पण काकूंनी खूण करून तिला गप्प केलं.

तिसऱ्या वेळी शंकू निघाला तेव्हा मिस्त्रींचा बांध फुटला. "काका, कोबा हाय ह्यो! मोटारसायकल न्हाई!"

सांध्यांवरून तर दिवसभर जुंपली. काकांचं म्हणणं, दर 8 फुटांवर इंचभर खोल खाच ठेवायची. मिस्त्रींना ते अपमानास्पद वाटत होतं. चांगलं सलग काम करायचं आणि मग हाताने त्याला चिरा पाडायच्या? "वेरूळचं कैलास बगा. येक तरी सांधा हाय का? गेला का तडा?"

"ते खडकातून कोरलंय हो, वरून खाली. ओतलेलं नाही," काका म्हणाले. "ओतलेलं आकसतं. तडा जाणारच. तो कुठे जायचा एवढं आपल्या हातात असतं."

मिस्त्रींनी खाचा पाडल्या, पण प्रत्येक खाचेगणिक एक सुस्कारा टाकला. शेवटी शेवटी त्यांनी काकांची पाठ वळलेली बघून वर सुकं सिमेंट भुरभुरवायला मूठ भरली. तसं केलं की तुकतुकी येते, आणि पुढे पोपडे निघतात. काका वळले. मूठ हवेत राहिली. कोणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी मूठ परत गोणीत सोडली, आणि काकांनी स्वतःच्या हाताने त्यांना चहा ओतून दिला. माझ्या मते त्या क्षणी दोघांचं एकमेकांविषयीचं मत सुधारलं.

पुढची गोष्ट पाणी मारण्याची. "कधी वाळेल हो?" असं मी सहज विचारलं आणि पस्तावलो. "सिमेंट वाळत नाही, सर. ते पाण्याशी जमून घट्ट होतं. वाळूजमध्ये राहतो म्हणून काय सगळं वाळवायचं?" कोब्यावर मातीची आळी करून पाणी साठवलं. कडेच्या उतारावर पाणी ठरेना, तिथे गोणपाटं अंथरली. गोणपाटं संपली तेव्हा काका आत गेले आणि निवृत्तीच्या अकरा शाली घेऊन आले. "पाणी चांगलं धरतात," म्हणाले. वर्गणी काढून आणलेल्या त्या जरीकाठी शाली तीन आठवडे कोब्यावर ओल्याचिंब पडून होत्या, आणि खांद्यापेक्षा तिथे त्या जास्त शोभत होत्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नळाला पाणी येण्याचा दिवस आला की आधी कोब्याची अंघोळ, मग माणसांची. ऐन टंचाईत एकदा टँकरही मागवला. काकू आमच्याकडे दोन कळश्या भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझी दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळा हे ओव्हरटाइमला होते. आणि आता बघा, रात्री दोनला उठून त्याला पाणी पाजतात." सात दिवस पुरतात असं पुस्तकात असताना काकांनी 28 दिवस भरून काढले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा काका छत्री घेऊन कोपऱ्यात उभे होते. पाणी भिंतीपासून सुटलं, कडेने धावत शोषखड्ड्यात गेलं. घूस नव्हती. अळूला पाणी मिळालं होतं. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर आठवडाभर काका उदास दिसले, बसकडेही बघेनात.

आणि मग आषाढीच्या दिवशी, आम्ही छोट्या पंढरपूरला दर्शनाला निघालो होतो, तेवढ्यात भिंतीवरून हाक आली. "सर! तडा गेला!"

आवाजात दुःख असेल असं समजून मी चप्पल न घालताच धावलो. काका मागच्या बाजूला गुडघ्यावर बसले होते. चेहरा असा, की घरात नातू झाला असावा. सातव्या सांध्याच्या खाचेत, अगदी तळाला, केसाएवढी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. खाचेबाहेर कुठे एक सूतही सरकली नव्हती.

"सांगितलं तिथेच गेला," काका म्हणाले. "तंतोतंत."

काकू ओले हात पदराला पुसत आल्या. वाकून त्यांनीही ती रेघ बघितली. "चला," त्या म्हणाल्या, "या घरात तुमचं ऐकणारं कोणीतरी निघालं."

काकांच्या कानावर ते गेलं नसावं. ते लगबगीने आत गेले आणि कपाटात काहीतरी शोधू लागले. त्यांना टॅग हवा होता. पास झालेल्या मालाचा, हिरवा. पण 31 वर्षांनंतर घरी आणलेल्या गठ्ठ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे लालच निघाले. थोड्या वेळाने ते आमच्याकडे येऊन माझ्या मुलीचा हिरवा स्केचपेन मागून घेऊन गेले. लालवर हिरवं फासलं की काय होतं हे तिने त्यांना सांगितलं होतं, पण काकांनी ऐकलं नाही. सातव्या सांध्याजवळ, कढीपत्त्याच्या फांदीला आता एक तपकिरी टॅग लटकतो आहे.