पेशव्यांचा कागद, हेगचं कोर्ट

दोस्तीचा तह कसा करावा हे नाना फडणवीसांच्या पुण्याकडून शिकावं, आणि तो कसा वसूल करावा हे पोर्तुगीजांकडून. १७७९ साली इंग्रजांशी लढाई चालू होती. अशा वेळी फिरंग्यांची मैत्री पदरी असलेली बरी, म्हणून दमणच्या बाजूची बारा हजार रुपये वसुलाची गावं त्यांना लावून द्यायचं ठरलं. पेशवे सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे होते. त्या तहाची सुनावणी पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात होईल, हे बाळ पेशव्यांना सोडाच, नानांनाही सुचलं नसतं.

१९५४च्या पावसाळ्यात या गावांतून, म्हणजे दादरा-नगरहवेलीतून, पोर्तुगीज सत्ता हाकलली गेली. तिकडे पोलीस पाठवायचे तर वाट भारतातून. भारतानं वाट दिली नाही. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझारसाहेबांनी मग कपाटातले तह काढले. १४ डिसेंबर १९५५ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात दाखल, १९ला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य, २२ला भारतावर दावा दाखल. आपल्याकडे एवढ्या वेळात वकीलपत्रावर सही होत नाही! आणि भारत त्या न्यायालयात बांधला गेला कशानं? १९४० साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारनं दिलेल्या संमतीनं. ते सरकार गेलं, संमती वारशात आली.

१२ एप्रिल १९६०चा निकाल मोठा रसाळ आहे. न्यायालय म्हणालं, पेशव्यांनी दिला तो फक्त सरंजाम. वसुलाचा हक्क दिला, राज्य दिलं नाही. झालं, आपण जिंकलो! पण पुढे लगेच असं की, पेशवाई बुडाल्यावर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथले धनी मानलं, स्वतंत्र भारतानंही तोंड उघडलं नाही, म्हणून ते धनी. म्हणजे कुळानं कसत राहावं, मालकानं बघत राहावं आणि सातबारा आपोआप फिरावा. सरकारी माणसांना आणि मालाला जायची वाट आहे, पण सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि दारूगोळ्याला नाही. आणि भारतानं ५४ साली वाट अडवली, त्यातही गैर काही नाही. दोन्ही पक्षांच्या वकिलांना पेढे वाटता यावेत असे निकाल फार थोडे.

दरम्यान ज्या राज्यासाठी हा खटला, ते राज्य पंचायत चालवत होती. १९६१मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कुणीतरी पंतप्रधान हवा होता, म्हणून के. जी. बडलानी या आपल्याच आयएएस अधिकाऱ्याला नेमलं. नेहरूंसमोर दुसरा पंतप्रधान म्हणून आपलाच नोकर! एखादं राष्ट्र इतक्या काटकसरीनं उभं राहून मिटल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

गोव्यासाठी सालाझारांनी आणखी दोन चुलते गाठले होते. एक नाटो. पण त्या करारात कलम ६ आहे आणि त्याचा मुलूख युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरता. तोही कर्कवृत्ताच्या वर. गोवा पंधराव्या अक्षांशावर, आणि महासागरही दुसराच. दुसरा चुलता ब्रिटन. १६६१च्या तहात राणी कॅथरिनच्या हुंड्यात इंग्रजांना मुंबई मिळाली आणि बदल्यात पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या वसाहती राखण्याचं गुप्त कलम त्यांनी मान्य केलं. पुढे इंग्रजांनी मुंबईवर साम्राज्य उभारलं, १९४७ला ती भारताच्या हाती दिली. हुंडा असा हस्तांतरित झाला, अट मात्र लंडनच्या दप्तरातच राहिली. डिसेंबर १९६१मध्ये भारत गोवा घ्यायला निघाला आणि पोर्तुगालनं तिची आठवण करून दिली, तेव्हा ब्रिटनला आठवलं की भारत राष्ट्रकुलात आहे.

कायद्याच्या पंडितांकडे याला उत्तर आहे. लष्करी मैत्रीचे तह व्यक्तीसारखे असतात, राज्याबरोबर मरतात. सीमा आणि जमिनीला चिकटलेले हक्क वारसाकडे जातात. १९७८च्या व्हिएन्ना करारात तसं लिहिलंच, वर परक्यांचे लष्करी तळ या सवलतीतून वगळले. वारसदार मंडळी हा नियम पूर्वीपासूनच पाळत आली आहेत: जमीन आमची, जबाबदारी मागच्या मालकाची.

३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. लंडन आणि लिस्बन यांच्यातला १३८६चा विंडसरचा मैत्रीतह मात्र, दोघांच्याही म्हणण्यानुसार, अजून लागू आहे.