आडवाटेला लागलेला वायू

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट वारंवार मिटते, त्या विकाराला दवाखान्यात स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यावर ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडलेला उपाय असा, की नाकावर मुखवटा बांधून रात्रभर दाबाने हवा आत सोडावी आणि घसा उघडा ठेवावा. सीपॅप नावाचे हे यंत्र घोरणे थांबवते, हे निर्विवाद आहे. परंतु त्यामुळे घरातील एकूण आवाज कमी होतात, असे मानणे घाईचे ठरेल.

घशापाशी हवेला दोन वाटा फुटतात, एक फुप्फुसाकडे जाणारी श्वासनलिका आणि दुसरी जठराकडे उतरणारी अन्ननलिका; दुसरीच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे पहाऱ्याला असते आणि पहारेकऱ्यांच्या सर्वत्र आढळणाऱ्या स्वभावानुसार ते रात्री जरा ढिले पडते. यंत्राचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात व तो साधारण 4 ते 20 सेंटिमीटर, म्हणजे पुरती वीतभरही नसतो. तरीही फुप्फुसासाठी निघालेली हवा तेवढ्यावर पोटात मुक्कामाला येते. हवा गिळण्याच्या या प्रकाराला वैद्यकात एरोफेजिया हे नाव आहे. हदगावासारख्या गावात त्याला ‘गॅस’ म्हणतात आणि विनाचौकशी रात्रीच्या पिठल्यावर ठपका ठेवून ओवा व काळे मीठ पुढे करतात. ओव्याचा अधिकार येथे मर्यादित आहे, कारण डाळीचा वायू आतड्यात तयार होतो, हा मात्र वीज खर्चून वरून पाठवलेला असतो.

सामाजिक अडचण याहून मोठी. घोरणे हे बिनघोर माणसाचे लक्षण समजले जाते आणि जेवणानंतरचा ढेकर ही यजमानीणबाईंना दिलेली पावती असते; परंतु पहाटे, चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी ओळीने येणाऱ्या ढेकरांना कोणतीही मान्यता नाही. त्याच हवेचा जो भाग खालची वाट धरतो, त्याविषयी तर उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणे टाकून झोपणाऱ्या कुटुंबात उघड चर्चाही संभवत नाही. चरकसंहितेत अडवू नयेत असे 13 वेग सांगितले असून त्यांत ढेकर, अधोवायू आणि निद्रा हे तिन्ही आहेत. एकाच बाजेवर तिघांची गाठ पडेल, अशी शंका येण्याचे त्या काळी अर्थातच कारण नव्हते.

उपायांपैकी सर्वांत मोहक तो सर्वांत फसवा: दाब परस्पर कमी करणे. दाब अपुरा पडला की घसा पुन्हा मिटतो, म्हणून यंत्रातील नोंदी पाहून डॉक्टरांनीच तो ठरवावा. श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय किंवा आत-बाहेरच्या श्वासाला वेगळा दाब देणारे यंत्रही ते सुचवू शकतात. मुखवटा गळत असेल, तर दाब आपोआप बदलणारे यंत्र कधी कधी तो विनाकारण चढवते. नाक चोंदलेले असेल, तर तोंड उघडते आणि गिळणे वाढते. यासाठी दोन्हींकडे आधी लक्ष द्यावे. पोट फुगून तीव्र दुखत असेल, तर मात्र ओव्याची वाट पाहू नये.

उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपण्याने अनेकांना आराम पडतो, कारण तशा स्थितीत जठरातील हवेला वरच्या वाटेने सुटणे सोपे जाते. वामकुक्षीच्या प्रदेशात हा सल्ला सहज पटतो. अडचण उरते ती यंत्राच्या नळीची: विजेचा बोर्ड भलत्या भिंतीवर असला, तर बाज फिरवावी लागते, बाज फिरवली की डोके नेमके उत्तरेला येते, आणि त्याला घरातील आजींची संमती मिळवणे डॉक्टरांची वेळ मिळवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.