एक इंच खाली

आपल्याकडे शोरूममध्ये शिरलेला माणूस आधी ॲव्हरेज विचारतो आणि पाठोपाठ ग्राउंड क्लिअरन्स. गाडी जितकी उंच, तितका मालक निर्धास्त. खड्डे, तुंबलेलं पाणी, महापालिकेनं डांबराच्या वर ठेवलेली ड्रेनेजची झाकणं, सगळ्यांवर उंची हा एकच उतारा. अशा देशात पदरचे पैसे घालून धडधाकट गाडी इंचभर खाली आणणारी एक जमात नांदते आहे. पुण्यात बाणेर-बावधनच्या बाजूला तिची वस्ती जरा दाट आहे.

आमच्या सोसायटीतला नमुना म्हणजे सी विंगमधले दादा. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचे, आयटीत वरच्या हुद्द्यावर, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली. गाडी फोर्ड मस्टँग, अर्थात सेकंडहँड. 2016 मध्ये फोर्डनं ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह भारतात आणली, तेव्हा दादांनी तिचा फोटो लॅपटॉपवर लावला. 2021 मध्ये कंपनीनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा गावातले फोर्डवाले स्पेअर पार्टच्या काळजीनं काळवंडले आणि दादांनी मात्र गाडी घेऊन टाकली. माणसाची जात अशा वेळी कळते.

गाडी घेतल्यावर माणूस ती चालवतो, असा आपला समज. दादा ती बघतात. बाजूनं बघतात, खांबाआडून बघतात, पार्किंगमध्ये उकिडवं बसून बघतात. टायरचा माथा आणि वरचा फेंडर यांच्यातली फट हे त्यांच्या जिवाचं दुखणं आहे. त्या फटीत ते बोटं घालतात. चार जातात. "चार!" ते कळवळून सांगतात, "ट्रॅक्टर वाटतो हो ट्रॅक्टर!" दोन बोटांवर यायचं, एवढीच त्यांची या जन्मीची इच्छा. मग शिंप्याची टेप निघते. माप जमिनीपासून घ्यायचं नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त झाली की ते फसवतं. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत घ्यायचं, चारही चाकांचं, टाकी अर्धी असताना. टॉर्च वॉचमन धरतो. पहिल्या वेळी त्याला विम्याचा सर्व्हेअर आलाय असं वाटून तो ॲक्सिडेंट कुठे झाला ते विचारायला लागला होता.

आता इंचभर खाली यायचं तर आखूड स्प्रिंगा आणायच्या आणि बसवायच्या, असं तुम्हाआम्हाला वाटतं. दादांसमोर बोलू नका. जर्मनीत झाउअरलांड नावाच्या डोंगराळ मुलखात फिनेनट्रॉप आणि लेनेश्टाट अशी दोन शेजारशेजारची गावं आहेत. पहिल्यात आयबाख, 1951 पासून स्प्रिंगा वळणारी. दुसऱ्यात एच अँड आर. दादा जर्मनीला कधी गेलेले नाहीत, पण ही गावं त्यांना पौड-पिरंगुटपेक्षा जवळची. शिवाय फ्लोरिडात सुरू झालेली, फोर्डलाच वाहिलेली स्टीडा आहेच. या सगळ्यांची एक्सेल शीट आहे, आणि त्या शीटला जितके रकाने आहेत तितके सोसायटीच्या ताळेबंदाला नाहीत.

त्यातून पुन्हा पंथ दोन. लीनियर स्प्रिंगची वेटोळी सारख्या अंतरावर असतात. भार दुप्पट टाका, ती दुप्पट दबणार. प्रोग्रेसिव्हची काही वेटोळी दाट वळलेली असतात. ती आधी मिटतात आणि मग उरलेली स्प्रिंग कडक होत जाते. म्हणजे साध्या रस्त्यावर मऊ, जोरात वळलात की ताठ. दादा सोमवारी लीनियर असतात. गुरुवारपर्यंत कंबर बोलायला लागते, मग प्रोग्रेसिव्ह होतात. रविवारी पहाटे ताम्हिणीत जाऊन आले की पुन्हा लीनियर. रॉबर्ट हूकनं स्प्रिंगचा नियम 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि उकल दोन वर्षांनी दिली, ही हकीकत ते फार आदरानं सांगतात. दोन वर्षं काहीच ठरवल्याचं न सांगणं ही त्यांना वैज्ञानिक शिस्त वाटते.

वहिनींना विज्ञानाचं वावडं नाही. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, "इंच म्हणजे केवढं?" दादांनी अंगठा आणि तर्जनीत दाखवलं. "आणि एवढ्याला किती?" दादांनी आकडा सांगितला. वहिनींनी बोटांमधलं अंतर पुन्हा एकदा पाहिलं.

"दिसण्यासाठी नाही गं. गुरुत्वमध्य खाली येतो. वळणावर गाडी कमी कलते."

"तुमच्या ऑफिसच्या वाटेत वळण कुठंय?"

"राधा चौकात."

"तिथं कलते?"

"तिथं वळायला मिळतं कुठे!"

मग दादा मला सोबत घेऊन नाना पेठेतल्या एका फिटरकडे गेले. फिटरनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, उचलायची ना? लोक उचलायलाच येतात." खाली आणायचीय म्हटल्यावर त्यानं दादांकडे जरा निरखून पाहिलं. "मग कट मारू. दीड वेटोळं ग्राइंडरनं उडवतो. चहा पिऊन या तोवर."

दादांना घाम फुटला. वेटोळी कमी केली की स्प्रिंग कडक होते, ग्राइंडरच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं, कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, शॉकॲब्सॉर्बर मूळ स्प्रिंगच्या मानानं केलेला असतो, त्याला खालीवर व्हायला जागा उरली नाही की गाडी रबरी ठोकळ्यावर आपटत चालते... सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. फिटरनं मान हलवत ऐकलं. "म्हणजे आधी स्प्रिंग, मग शॉकअप, मग कॅम्बर, मग अलाइनमेंट. टायर आतनं खाणार ते निराळंच. साहेब, गाडी बरी चाललीय ना आत्ता?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. माझ्या मते दादांचा या गाडीतला खरा आनंद त्या न दिलेल्या उत्तरात आहे. गाडी बरी चालत असताना तिच्यात काय कमी आहे हे रात्री अकरा ते एक शोधत बसायला मिळणं, हे सुख ती चालवण्यात नाही. कायद्याचं मी घाबरत घाबरत काढलं होतं. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये बजावलं आहे. आणि देशभरातल्या गाड्या तपासणारी एआरएआय तर आपल्याच वेताळ टेकडीवर बसलेली. दादा म्हणाले, "अहो, इंचभर तर आहे. कुणाला दिसणारे?" मग इतका खटाटोप कुणासाठी, हे मी विचारलं नाही. शेजारधर्म असतो.

अखेर आयबाखचा खोका आला. तो पलंगाखाली आहे. पाहुणे आले की दादा ओढून दाखवतात आणि पाहुणे "छान आहेत" म्हणतात. बसवायच्या राहिल्यात, कारण गेटातून आत येताना लागणारा सोसायटीचा स्पीडब्रेकर. गाडीचं पोट त्याला आजच घासतं, इंचभर खाली आली तर तिथंच मुक्काम.

म्हणून वार्षिक सभेत दादा उठले आणि त्यांनी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक वाचून दाखवलं. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, गोलाई 17 मीटर त्रिज्येची. "आपला स्पीडब्रेकर यात कुठेही बसत नाही," ते गरजले. सभा हलली. सेक्रेटरी पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. त्यांनी सभा तशीच उठवून गेटावर नेली आणि दादांकडेच टेप मागितली. ती खिशात होतीच.

रुंदी दीड फूट भरली. उंची साडेसात सेंटिमीटर.

"रुंदी वाढवायला जागा नाही आणि फंडही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "उंची मात्र अडीच सेंटिमीटर कमी आहे. दादांनी वेळेवर लक्षात आणून दिलं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक म्हणून दादांचं नाव लागलं, अनुमोदन वहिनींनी दिलं.