प्रेरणा मिळेल, इंग्रजीचं नंतर बघू

जून उजाडला की तळेगाव दाभाड्यात छत्र्यांची आणि इंग्लिश स्पीकिंगच्या बोर्डांची एकदमच गर्दी होते. स्टेशनाच्या रस्त्यापासून गावठाणापर्यंत प्रत्येक खांब ९० दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देत उभा असतो. पहिल्या आठवड्यात बॅच फुल्ल. गणपती येईपर्यंत बाकं निम्मी रिकामी होतात आणि दिवाळीनंतर वर्गात उरतात ते सर आणि पंखा. सरांचं निदान ठरलेलं असतं: पोरांना मोटिव्हेशन नाही.

म्हणून आता पहिला तास मोटिव्हेशनचाच असतो. त्यात डोळे मिटून स्वतःला कोट घातलेलं बघायचं. दुसऱ्या तासाला आरशासमोर उभं राहून ‘आय कॅन’ म्हणायचं. नेमकं काय ‘कॅन’, हे पुढच्या लेव्हलला शिकवतात आणि त्या लेव्हलची फी वेगळी. धंद्याचं गणित मात्र चोख आहे. ज्याला इंग्रजी आली तो पुन्हा फिरकत नाही. ज्याची प्रेरणा संपली तो पुढच्या जूनमध्ये नवी फी घेऊन हजर! मग सरांनी काय संपवावं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

बरं, तळेगावकरात प्रेरणा नाही हा आरोप धादांत खोटा आहे. तिला पत्ता मिळत नाही, एवढंच. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना इथं सुरू झाला. अमेरिकन कंपनी म्हणजे इंग्रजी हवीच, असं म्हणून पोरं क्लासला बसली. २०१७ संपता संपता कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावात तयार झालेल्या गाड्या मेक्सिकोला जात राहिल्या, म्हणजे खरं तर स्पॅनिश शिकायला हवी होती. ती शिकायचं कुणी मनावर घेण्याआधीच डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं हा कारखाना घ्यायचं ठरवलं होतं, तेव्हा चिनीला भाव. पुढं सीमेवर गलवान घडलं, सरकारी मंजुरी अडकली आणि २०२२ मध्ये तोही विषय मिटला. नाही म्हणायला वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावलाच येणार अशी हवा होती. फॉक्सकॉन तैवानची आणि तिथंही मँडरिनच चालते, त्यामुळे केलेली मेहनत वाया गेली नसती. पण सप्टेंबर २०२२ मध्ये प्रकल्प गुजरातला गेला. त्या हिशेबानं गुजराती शिकायला हवी होती. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घेण्याचा करार केला. आता कोरियन! जागा तीच, गेट तेच, मालकाची भाषा तेवढी बदलते. एवढ्या भाषांना पुरून उरेल इतकी प्रेरणा बाळगायची तर गावच्या जुन्या सरदार दाभाड्यांचा खजिनाच पाहिजे.

याच गावानं एकदा उलटा प्रयोगही करून बघितला होता. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय कोल्हापूर, मिरज करत तळेगावला आलं. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि हातालाही उद्योग शिकवायचा, असा त्यांचा खाक्या. शेजारीच माणशी एक-एक पैसा जमवून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिलेला. इंग्रज सरकारला हे इतकं झोंबलं, की १९१० मध्ये त्यानं ते विद्यालय बंद पाडलं. मराठीतून शिकवणारी शाळा बंद करायला तेव्हा साम्राज्याचा हुकूम लागत होता. आता पालकच परस्पर ते काम उरकतात. सरकारला कागदसुद्धा खर्चावा लागत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच पट्ट्यातले. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचंच नाव आहे. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. बारावीपर्यंत इंग्रजी शिकून, पेपर देऊन, पास होऊन ती आज कुठं आहेत? ९० दिवसांच्या बॅचमध्ये, दुसऱ्या रांगेत.

आता जरा शॉपफ्लोअरवर चला. आयटीआय झालेला ऑपरेटर सेकंड शिफ्टला सुपरवायझरला सांगतो, ‘सर, टॉलरन्स आउट जातंय, टूल चेंज करावं लागेल, नाहीतर रिजेक्शन वाढेल.’ कायझेन, पोका-योके, कानबान हे तर अस्सल जपानी. तेही तो रोज बोलतो. जपानीचा क्लास त्यानं लावला नव्हता, आरशासमोर उभा राहिला नव्हता, डोळे मिटून स्वतःला किमोनो घातलेलं बघितलं नव्हतं. मशीन थांबलं तर ओव्हरटाइम जातो, एवढी प्रेरणा त्याला पुरली. हाच गडी पर्मनंटच्या इंटरव्ह्यूला एसी केबिनमध्ये बसतो. समोरून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ येतं आणि त्याला घाम फुटतो. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय आणि क्रिकेटचा छंद पाठ केलेला असतो, तो मधेच तुटतो. विचारणारे साहेबही बहुधा मराठीच. पण त्यांनीही कधीतरी हेच पाठ केलेलं असल्यामुळे दुसऱ्याला सूट द्यायला त्यांचं मन धजत नाही.

तेव्हा एक नम्र सूचना. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ रद्द करावं आणि ‘टेल मी अबाउट युवर मशीन’ सुरू करावं. इंटरव्ह्यू लाईनवरच, मशीनपाशी घ्यावा. पोरगा अर्धा तास थांबायचा नाही, आणि साहेबांनाही चार गोष्टी नव्यानं कळतील.

अडचण एकच आहे. त्यासाठी साहेबांना केबिन सोडून, सेफ्टी शूज घालून, मे महिन्यात पत्र्याखाली यावं लागेल. म्हणजे प्रेरणेचा प्रश्न खराच निघाला, फक्त तो पोरांचा नव्हता. हरकत नाही, साहेबांसाठीही एक बॅच काढता येईल. शनिवार-रविवार, फी आगाऊ.