सगळेच ॲडमिन!

"काकू, कळलं का? रात्री साडेअकराला सेक्रेटरींचं ॲडमिनपद गेलं!"

"गेलं म्हणजे? मीटिंग कधी झाली?"

"कसली मीटिंग! सात नंबरवाल्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या काढून टाकलं."

"बाई बाई! पण त्यांना ॲडमिन केलं कोणी?"

"सेक्रेटरींनीच. गुड मॉर्निंगच्या फुलांना कंटाळून त्यांनी 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवतील' असं करून ठेवलं नव्हतं का? मग ओरड झाली, नळाला पाणी नाही हेसुद्धा सांगता येईना. सेक्रेटरी पडले भिडस्त. जो तक्रार करेल त्याला ॲडमिन करत गेले. शेवटी अख्खी सोसायटी ॲडमिन!"

"म्हणजे कुलूपही लावलं आणि घरोघर किल्ल्याही वाटल्या."

"तेच तर! सेटिंग नुसतं पूर्वीसारखं केलं असतं तरी भागलं असतं. व्हॉट्सॲपवर ग्रुपचं नाव-फोटो कोणी बदलायचा, मेसेज कोणी टाकायचे, नवी माणसं कोणी घ्यायची, हे वेगवेगळं ठरवता येतं. बोलू द्यायचंय ना, मग तेवढंच द्यावं. ॲडमिन केलं की माणसं काढायचा अधिकारही हातात येतो. शिवाय तिथं थोरला-धाकटा काही नाही. काल झालेला ॲडमिन जुन्यालाही उतरवतो."

"तरीच परवा माझा लोणच्याच्या ऑर्डरीचा मेसेज उडाला!"

"उडवला कोणी ते पाहिलंत का? 2022 मध्ये ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय मिळाली. पण पुसणाऱ्याचं नाव दिसतं हो."

"पाहिलं की. नऊ नंबरवाली! तिलाही लोणची विकायचीच असतात ना."

"अगंबाई! पण काकू, कोणी भलतंसलतं टाकलं तर ॲडमिनलाच धरतात म्हणे? मग आपण सगळेच आत!"

"छे गं. जावई वकील आहेत ना आमचे, त्यांनी सांगितलंय. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं, 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचं आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. मजकूर पडण्याआधी तो तपासायचा अधिकारच ॲडमिनला नसतो, असं कोर्ट म्हणालं."

"पण आता पुसता येतो की."

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, आई, पडल्यावर पुसणं वेगळं आणि पडण्याआधी अडवणं वेगळं. बरं, पुढे काय ठरलं?"

"रविवारी मीटिंग आहे. सेक्रेटरी आणि खजिनदार, दोघंच ॲडमिन ठेवायचे. एकच ठेवला आणि त्याचा फोन हरवला तर पंचाईत. बाकीच्यांनी नुसतं सदस्य राहायचं आणि हवं तेवढं बोलायचं. सूचनांसाठी वेगळा ग्रुप."

"दोघं कसे? तिघं होतील."

"तिसरं कोण?"

"चार नंबरचे जुने मालक! ग्रुप त्यांनी काढलाय. काढणाऱ्याला दुसरं कोणी बाहेर घालवू शकत नाही आणि त्याचं ॲडमिनपदही जात नाही. आपणहून पडले बाहेर, तरच सुटका."

"घर विकून पुण्याला गेले, तरी आपली टाकी कधी धुतली ते त्यांना कळतं?"

"सगळं कळतं. सेक्रेटरींनी केला होता फोन. आत्ता बाहेर पडतो म्हणाले."

"मग अडलंय कुठं?"

"आधी माझ्या पार्किंगच्या शेडचे पैसे द्या म्हणतात!"