पाठ बारा, पाठ तेरा

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात मेथी निवडत होतो. शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी मोबाईल पुढे केला. "भाईसाहब, वो गानेवाली ताई हैं ना, उनके पूरे लेसन मेरे पास हैं. भेज दूँ?" मनात काळंबेरं काही नव्हतं. लोणच्याची कृती पाठवावी तितक्या सहज विचारलं त्यांनी.

ते धडे फुकटचे नव्हते. अरेरा कॉलनीतल्या या ताईंचा गाण्याचा क्लास २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला, तेव्हा त्यांनी स्वतःची लहानशी वेबसाइट करून घेतली. पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल टेकवायचा, समोर हार्मोनियम घ्यायची आणि एकेक राग चार-चार भागांत समजावून सांगायचा. आजही त्याच फीवर त्यांचं घर चालतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि माझ्याच मोबाईलवर त्या गृहस्थांनी पाठवलेली लिंक उघडली. लिंकच्या शेवटी धड्याचा क्रमांक होता, १२. तिथे १३ टाकलं, तेरावा धडा डाउनलोड व्हायला लागला. १४ टाकलं, चौदावा. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. पासवर्ड होता, पण तो धड्यांच्या यादीच्या पानाला. व्हिडिओच्या फाइली उघड्या फोल्डरमध्ये पडून होत्या. वेबसाइट करून देणाऱ्यानं ताईंना सांगितलं होतं, "पेज हाइड केलंय काकू, टेन्शन घेऊ नका." ताई चार वर्षं त्या भरवशावर राहिल्या.

पान लपवलं म्हणजे व्हिडिओ सुरक्षित झाला, असं सांगून पैसे घेणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो. त्याला फरकच कळत नसेल, तर त्यानं हे काम हातात घेऊ नये. माऊसची उजवी कळ बंद करणं हाही असाच उपाय. दोन मिनिटांत कुणीही त्याला वळसा घालतो. सर्च इंजिनांसाठी 'इथे येऊ नका' अशी रोबोट्स फाइल लिहून ठेवली, तर ती फाइल कुणालाही वाचता येते आणि माल कुठे ठेवलाय ते तिच्यातच कळतं. यूट्यूबवरचं 'अनलिस्टेड' ज्याच्या हाती लिंक पडेल त्या कुणालाही दिसतं. ठरावीक माणसांनाच दाखवायचं असेल तर 'प्रायव्हेट' करून त्यांचे ईमेल जोडावे लागतात.

खरा उपाय महागही नाही आणि अवघडही नाही. फाइल वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवायची. मागणी आली की साइटनं आधी लॉगिन तपासायचं, या विद्यार्थ्यानं या धड्याची फी भरली आहे का ते बघायचं आणि मगच फाइल द्यायची. फाइली क्लाउडवर असतील तर तासा-दोन तासांत आपोआप मरणारी लिंक द्यायची. अशा मुदतीच्या लिंकांची सोय क्लाउडवाल्यांकडे तयारच असते. ती लिंक व्हॉट्सअॅपवर गेली तरी दुसऱ्या दिवशी उघडत नाही. फाइलींची नावं १२, १३, १४ अशी ठेवायची नाहीत. आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचं नाव उमटवता आलं तर उत्तमच. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याला यातलं काहीच थोपवू शकत नाही. पण स्वतःचं नाव छापलेला व्हिडिओ पुढे ढकलताना माणूस थबकतो.

"कायदा आहे ना?" ताईंनी विचारलं. आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-अ आलं: हक्क मोडण्याच्या हेतूनं संरक्षणाचा तांत्रिक उपाय भेदला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायदा 'परिणामकारक' उपायाबद्दल बोलतो. १२ चे १३ करून उघडणाऱ्या फोल्डरला परिणामकारक कोण म्हणेल? हक्कभंगाची बाकीची कलमं ताईंच्या बाजूनं उभी राहतील, हे कलम नाही. आणि कोर्टाची वाट लांबची. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्याख्यानांचे व्हिडिओ टेलिग्रामच्या चॅनेलांवर फिरत होते. त्यांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथला कायदा माहिती द्यायला आड येतो, असं टेलिग्रामचं म्हणणं. न्यायालयानं ते फेटाळून चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला, तोवर ऑगस्ट २०२२ उजाडला होता. निकाल शिक्षकांच्या बाजूचा, महत्त्वाचा. पण दोन वर्षं वकील लावून लढणं आमच्या ताईंना परवडणार नाही.

रागाच्या भरात ताई म्हणाल्या, "डाउनलोडच बंद करून टाकते." मी हात जोडले. त्यांच्या विद्यार्थिनी मुलताई, पांढुर्णा, सौंसर इथल्या आहेत. मराठी घरांतल्या मुली, भोवती हिंदी. मराठीतून गाणं शिकवणारं गावात कुणी नाही. रेंज आली की धडा उतरवून घ्यायचा आणि रात्री घरातली कामं आटोपली की ऐकायचा, असं त्यांचं शिक्षण चालतं. डाउनलोड बंद केलं तर मार फी भरणाऱ्या या मुलींना बसेल. हाटातल्या गृहस्थांकडे तर सगळे धडे आधीच आहेत. कुलूप दाराला लावा आणि ज्यांनी फी भरली त्यांच्या हातात किल्ली द्या.

ताईंच्या साइटवर आणखी एक फोल्डर निघालं, आणि तिथे माझा जीव धसकला. वार्षिक कार्यक्रमाचे व्हिडिओ. आठ-दहा वर्षांच्या मुली, पूर्ण नावांसकट, एकीच्या तर शाळेच्या नावासकट. तेही तसंच उघडं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा नसता तरी हे व्हिडिओ असे उघडे ठेवू नयेत, हेच माझं मत राहिलं असतं. धडे चोरीला गेले तर ताईंची फी बुडते, पण लेकरांचे चेहरे एकदा अनोळखी हातांत गेले की परत येत नाहीत. म्हणून ते फोल्डर आम्ही त्याच रात्री, धड्यांच्याही आधी, साइटवरून काढलं.

भोपाळमध्ये, इंदूरमध्ये, नागपुरात अशा लहान वेबसाइटी चालवणाऱ्या तायांना, मास्तरांना आणि मंडळांच्या कार्यवाहांना माझी कळकळीची विनंती आहे. आज रात्री शेजाऱ्याचा मोबाईल मागून घ्या, लॉगिन न करता आपल्याच एका व्हिडिओची लिंक त्यावर उघडून बघा, मग शेवटचा आकडा बदलून बघा. उघडला तर उद्याचा क्लास एक तास उशिरा सुरू करा आणि आधी ते दार बंद करा.